स्पीकरचं स्टँड: साफसफाई, गंज अन् दुरुस्ती, लोकं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी दर्यापूर तालुक्यातला. वावर आहे, अन् कामाचा जोर नसला की ओसरीत बसून गावातल्या, आजूबाजूच्या लोकांचे स्पीकरचे स्टँड नीट करून देतो. सुरुवात स्वतःच्याच स्टँडपासून झाली, मग एकानं पाहिलं, मग दुसऱ्यानं, आता फोनवर तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. घरी बसून गाणे ऐकणाऱ्यांच्या स्टँडबद्दल आहे हे, मंडपवाल्यांसाठी खाली एकच प्रश्न घेतला आहे.

स्टँड साफ करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

उलटं करून. खरंच सांगतो, लोकं स्टँड घेऊन येतात अन् वरची पट्टी पुसून दाखवतात, "पाहा ना भाऊ, थोडासाच गंज आहे." मी पहिले ते पोत्यावर आडवं पाडतो अन् बूड पाहतो. मागच्या उन्हाळ्यात एक जोडी आली होती, वरून काळी कुळकुळीत, उलटी केली तर खालच्या प्लेटीले कापसाचा ओला थर चिकटलेला, त्याच्याखाली पांढरं मीठ, अन् मीठ खरवडलं तर प्लेट पापडासारखी सुटून हातात आली. सारा रोग बुडात राहते. वरची धूळ तर फडक्यानं दोन मिनिटात निघते.

स्टँड पाडायच्या आधी स्पीकर खाली उतरवा, अँप्लिफायर बंद करून, वायर काढताना लाल कुठं अन् काळी कुठं ते चिकटपट्टी लावून ठेवजा. उचलताना दोघं जण पाहिजे, अन् समोरच्या जाळीत किंवा कोनमधी (स्पीकरच्या गोल पडद्यात) बोटं घालून उचलू नका.

माझ्या भावाचं पुण्यातलं स्टँड दहा वर्षाचं आहे, नवं दिसते. माझं दोन उन्हाळ्यात गंजलं. काहून?

कूलर. अन् त्यातही आपल्या बोअरचं पाणी.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा सारा पट्टा, अमरावती, अकोला, बुलढाण्याचा, खारपाणपट्टा आहे हे तर तुम्हाले सांगायची गरज नाही, चहा केला तरी समजते. तेच पाणी एप्रिल ते जून कूलरमधी टाकतो आपण, गवताच्या ताटीतून हवा येते, तिच्यासोबत बारीक तुषार येतात अन् समोर जे असेल त्याच्यावर बसतात. पाणी वाळून जाते, मीठ तिथंच राहते. बरं हे मीठ हवेतली ओल ओढून घेते, म्हणजे कूलर बंद केला, पावसाळा लागला, तरी स्टँडवर ओलाव्याचा पातळ थर कायमच, अन् खाऱ्या ओलाव्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा लवकर गंजते. पुण्याच्या भावाकडं कूलरच नाही तर त्याचं स्टँड कशाले गंजन.

इलाज साधा आहे. कूलरच्या सरळ झोतात स्टँड ठेवू नका, अन् उन्हाळाभर आठवड्यातून एकदा नळाच्या गोड पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरड्यानं पुसा. कोरड्या फडक्यानं मीठ निघत नाही, नुसतं पसरते. ओलं फडकं पाहिजेच.

रोजची धूळ कशानं काढायची? रॉकेल चालते का?

रॉकेल नको. पुसल्यावर चमकते म्हणून लोकांना आवडते, पण त्याचा तेलकटपणा मागं राहते अन् दोन दिवसात सगळी धूळ त्याच्यावर येऊन बसते. थिनर तर अजिबात नको, ऑइलपेंट असला तर तो सोलूनच निघते. जुन्या सुती लुगड्याचं फडकं, पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, बस.

सोयाबीनच्या दिवसात थ्रेशरचा भुसा अन् कापसाच्या दिवसात सरकीचे तंतू, हे आधी कोरड्या ब्रशनं झाडून घ्या. ओलं फडकं पहिले लावलं की कापसाच्या वाती होतात अन् सांध्यात जाऊन बसतात.

गंज वरवरचा आहे की आत गेला, हे कसं ओळखायचं?

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज टण्ण येते, सडलेल्याचा भद्द. मग टोकानं थोडं खरवडून पाहा: नुसती लाल भुकटी निघाली तर वरवरचा आहे, पापुद्रे निघाले तर खोल आहे, अन् टोक आत शिरलं तर भाऊ ती प्लेट आता बदलाचीच आहे, तिच्यावर रंग लावून काही होत नाही. वेल्डिंगच्या जोडाजवळ अन् प्लेटीच्या काठाले आधी पाहा, तिथं रंग पातळ बसलेला राहते.

गंज काढायची तुमची पद्धत सांगा, पूर्ण.

पहिले स्टँड खोला, जेवढे नट-बोल्ट निघतात तेवढे. जाम असले तर डब्ल्यूडी-४० (जाम नट सोडवायचा तेलाचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवा, जोर लावून बोल्टचं डोकं घासवू नका.

हे काम घरात करू नका, अन् स्पीकर जवळ तर बिलकुल नको. घासताना लोखंडाचा जो बारीक चुरा उडते तो स्पीकरच्या चुंबकाकडं ओढला जाते, आत जाऊन बसला तर मग खरखर येते अन् तो काढणं म्हणजे स्पीकर खोलणं. मी गोठ्याकडच्या बाजूले करतो, स्पीकर घरात दार लावून.

मोठ्या भागाले ग्राइंडरवर तारेचा ब्रश, पण चष्मा घालूनच, ह्या ब्रशच्या तारा तुटून गोळीसारख्या उडतात. ग्राइंडर नसला तर हातानं ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. चमकवायचं नाही आहे, लाल रंग जाऊन राखाडी लोखंड दिसलं अन् काठावरचा जुना रंग बोटाले लागेनासा झाला की थांबा. जुना रंग मात्र ग्राइंडरनं नाहीतर कोरडा घासू नका, पाण्यानं ओला करून हातानं घासा, कारण पहिलेच्या रंगात शिसं राहे. रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागात ९० भाग) खालीच पाहिजे हा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या आधीचं स्टँड असलं तर ती धूळ लेकराबाळांच्या नाकात जाऊ देऊ नका.

जिथं हात जात नाही, म्हणजे छोट्या पट्ट्या, बोल्ट, स्पाइकचे (स्टँडच्या बुडाच्या टोकदार पायांचे) नट, ते निंबूसताच्या, म्हणजे सायट्रिक अॅसिडच्या, पाण्यात टाका. किराणा दुकानात मिळते. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम. चार-पाच तासानं पाहा, जास्त असला तर रात्रभर. पांढरा व्हिनेगरही चालते. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा म्हणजे आंबटपणा मरते, मग गोड पाण्यानं धुवा अन् लगेच वाळवा, उन्हात नाहीतर हेअर ड्रायरनं. इथंच सगळे चुकतात. साफ झालेलं लोखंड उघडं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा पिवळं पडते. ज्या दिवशी गंज काढला त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे, तेवढा वेळ नसला तर गंज काढायले बसूच नका.

संडासचं अॅसिड टाकलं तर एका मिनिटात निघते ना?

निघते. अन् मग सांध्यात शिरलेलं अॅसिड आतून खात बसते, अन् त्याची वाफ खोलीतल्या पान्हे-पक्कडीलेही गंज चढवते. फेफड्याचं तर वेगळंच. नको.

रंग कोणता अन् कधी मारायचा?

रेड ऑक्साइड प्रायमर दोन पातळ हात, मग काळ्या मॅट रंगाचा स्प्रे तीन पातळ हात. डबा वीस-पंचवीस सेंटीमीटर लांब धरा, हात चालता ठेवा, स्प्रेच्या एका हातानंतर दुसऱ्याआधी दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. जाड मारला की ओघळ येते अन् ओघळ वाळेपर्यंत वाट पाहून पुन्हा घासा.

"कधी" हा खरा प्रश्न आहे आपल्याकडं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी स्प्रे मारला तर रंग हवेतच वाळून जाते अन् स्टँडवर पॉलिश पेपरसारखा खरखरीत बसते. मारायचाच असला तर सकाळी सातच्या आत, सावलीत. अन् तो डबा उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, डब्यावरच लिहून राहते ५० डिग्रीच्या वर नेऊ नका म्हणून, आपल्या टिनाखाली ते सहज होते. पावसाळ्यात हवेतली ओल रंगात शिरून पांढुरकी झाक येते.

दिवाळीनंतर हवा चांगली, पण कापूस. मी माझं पहिलं स्टँड डिसेंबरात रंगवलं, बाजूच्या खोलीत भाव यायची वाट पाहत कापूस भरून ठेवला होता, दार लोटलेलं होतं, तिसरा हात मारला अन् जेवायले बसलो. पोरानं पंखा लावला, रंग लवकर वाळन म्हणून. येऊन पाहतो तर दोन्ही स्टँड म्हाताऱ्या बोक्यासारखे, अंगभर पांढरे केस. सारं पुन्हा घासलं. तेव्हापासून फेब्रुवारी-मार्चमधी, होळीच्या आगेमागे करतो.

रंग हाताले कोरडा लागला तरी आठवडाभर स्पीकर ठेवू नका. आतून कच्चा राहते, स्पीकरचे रबरी पाय चिकटतात अन् उचलताना चार गोल ठिगळं सोबत येतात.

पावडर कोटिंग करून घेऊ का त्यापेक्षा?

जमत असलं तर सगळ्यात भारी तेच. अकोला, अमरावतीच्या एमआयडीसीत करून देणारे आहेत, काही किलोवर घेतात काही स्क्वेअर फुटावर. भट्टीत १८० ते २०० डिग्रीवर भाजतात ते, म्हणून रबर, प्लास्टिकचे बूच, फोमच्या पट्ट्या, आतली रेती, सगळं घरूनच काढून न्या. पाइप दोन्हीकडून बंद असला तर आतली हवा तापून कोटिंगले फोड आणते, बुडाशी एक बारीक छिद्र पाडून घ्या. अन् विचारा की आधी केमिकलच्या टाक्यांतून काढता का नुसतं पुसून मारता. नुसतं पुसून मारत असले तर तुमचा ब्रशच बरा.

पाइपात रेती भरायची म्हणतात, ती कशाले?

रिकामा लोखंडी पाइप म्हणजे घंटी. बोट मारून पाहा, वाजते. गाणं चालू असताना तो आपलाच सूर त्यात मिसळते. रेती भरली की कण एकमेकावर घासून ते कंपन जिरवतात, अन् बूड जड झाल्यानं स्टँड कलंडत नाही, घरात लेकरं असली तर हे आवाजापेक्षा जास्त कामाचं.

हिशोब सांगतो. आतून ७.५ सेंटीमीटर रुंद अन् ६० सेंटीमीटर उंच पाइपात अडीच लिटरच्या वर जागा राहते, कोरडी रेती लिटरमागे दीड किलोच्या थोडी वर, म्हणजे एका पाइपात सव्वाचार किलोच्या आसपास. पूर्ण गच्च भरायची गरज नाही, दोन तृतीयांश पुरे.

पण रेती कोरडी म्हणजे कोरडी. नदीची बारीक रेती, गोड पाण्यानं दोनदा धुतलेली, चाळलेली, मग मे महिन्यात ताडपत्रीवर पसरून दोन-तीन दिवस. मूठ आवळून सोडली की पाण्यासारखी सांडली पाहिजे. ओलसर रेती भरली तर स्टँड आतून सडते अन् तुम्हाले दोन वर्षांनी खालून लाल पाणी गळताना दिसते. वर सांगितलेल्या जोडीत हेच झालं होतं, बूच काढला तर रेती पडेचना, ढेकूळ झालेली, काडीनं कोरून काढावी लागली. मी जाड प्लास्टिकच्या पन्नीत भरून ती लांबट पिशवी पाइपात सोडतो, उद्या काढायचं काम पडलं तर ओढून निघते.

रेतीऐवजी काळी माती किंवा ज्वारी भरली तर?

माती ओल धरते अन् फुगते, आपल्या वावरातल्या भेगा पाहा ना. ज्वारीत पोरकिडे होतात, मग उंदीर. एकानं खरंच भरली होती, त्याचं स्टँड रात्री आपोआप कुरकुर वाजे.

माझं स्टँड एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) आहे, पोछा मारून मारून बूड फुगलं. बसवता येते का?

फुगलेला एमडीएफ परत बसत नाही, दाबून नाही, इस्त्रीनं नाही. थोडासाच काठ असला तर पूर्ण वाळू द्या, फुगीर भाग घासून टाका, फेविकॉलमधी लाकडाचा भुसा कालवून भरा, वाळल्यावर घासा अन् कापलेल्या काठाले पातळ फेविकॉलचे दोन हात देऊन मग रंग. पाणी काठातूनच शिरते, वरून नाही.

जास्त फुगलं असलं तर बूड फेका अन् ग्रॅनाईट लावा. स्वयंपाकाच्या ओट्याचे कटिंग केलेले तुकडे दुकानात पडून राहतात, फुटभर लांब, फुटभर रुंद, १८ मिलीमीटर जाड तुकडा साडेचार किलोच्या जवळ भरते. छिद्रं दुकानातच पाडून घ्या, घरच्या ड्रिलनं ग्रॅनाईटले तडा जाते. माझे घरचे स्टँड आता असेच आहेत, पोछा मारणारीले कितीही पाणी ओतू द्या.

बाबांनी सुतार बसवून सागवानाचं स्टँड करून घेतलं होतं. काळे डाग पडले, पॉलिश गेलं. काय करू?

नशीबवान आहात. आलापल्लीचा असो की मेळघाटचा, जुना साग असला तर त्याले ऑइलपेंट फासू नका, एवढी विनंती.

काळे डाग बहुतेक खिळे नाहीतर स्पाइकच्या जवळ असतील. ओल्या लोखंडाचा अन् सागातल्या टॅनिनचा (लाकडातल्या तुरट अंशाचा) मिळून तो रंग होते, घासून जात नाही. रंगाच्या दुकानात ऑक्झॅलिक अॅसिडची पांढरी पावडर मिळते, ती गरम पाण्यात विरघळवून डागावर लावा, डाग फिका पडला की दोन-तीन पाण्यानं पुसा. विषारी आहे, हातमोजे घाला, साखरेच्या डब्याजवळ ठेवू नका.

मग १८० अन् २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासा. आडवं घासलं तर ओरखडे जन्मभर दिसतात. त्यावर जवसाचं तेल. घाणीचं कच्चं तेल वाळायले कितीतरी दिवस घेते, रंगाच्या दुकानातलं उकळलेलं घ्या, एक-दोन दिवसात वाळते. पातळ लावा, वीस मिनिटं मुरू द्या, वरचं सारं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन हात. शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते वाळतच नाही, चिकट होते अन् खवट वास मारते.

आता हे नीट वाचा. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होते, गोळ्यात ती गरमी कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकते, काडी लावायची गरज नाही. ज्या घरात कापूस भरला आहे तिथं तर काय सांगू. बाहेर तारेवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

बारीक छिद्रं अन् खाली पिवळी भुकटी पडते आहे. उदई (वाळवी) आहे का?

उदई मातीचे बोगदे करते. छिद्र अन् मैद्यासारखी भुकटी म्हणजे भुंगेरा, आत पोखरणारा किडा. दोन्हीले लाकडाचं औषध दुकानात मिळते, सुईच्या सिरींजनं छिद्राछिद्रात सोडा, मग पन्नीत गुंडाळून आठवडाभर बाहेर ठेवा. घरात मारू नका. उदई असली तर स्टँडचा नाही, भिंतीचा इलाज आधी करा.

स्पाइक काढून टाकू की ठेवू?

फरशीवर पाहून ठरवा. कोटा किंवा टाइल असली तर स्पाइकखाली एकेक नाणं ठेवा, नाहीतर फरशीले टोचे पडतात. सारवलेली जमीन असली तर स्पाइक आत घुसत जातात अन् स्टँड रोज थोडं थोडं झुकते, शहाबादीचा तुकडा टाका त्याच्यावर मग उभं करा. स्पाइकचा फायदा हा की चारही वरखाली करून स्टँड डुगडुगत नाही असं करता येते, अन् पोछ्याचं पाणी बुडाले लागत नाही. आटे घासले असले तर बहुतेक एम६ किंवा एम८ चे (सहा किंवा आठ मिलीमीटरचे) राहतात, लेथवाल्याकडून टॅप मारून घ्या. पितळी असले तर चिंच लावून घासा, गडव्यासारखे निघतात.

खर्र्याचे डाग?

चुन्याचा पांढरा डाग लिंबानं निघते. सुपारीचा लाल साबणानं, ताजा असला तर. कच्च्या एमडीएफमधी मुरला तर निघत नाही, रंग मारा. स्टँडजवळ बसून खर्रा घोटणाऱ्या पाहुण्यासाठी औषध नाही माझ्याकडं.

उंची कापून कमी केली तर चालन का?

कापायच्या आधी खुर्चीवर बसा अन् जमिनीपासून कानापर्यंत मोजून घ्या. स्पीकरमधला छोटा गोल, ट्वीटर, कानाच्या पातळीवर आला पाहिजे. बाजारातले बरेच स्टँड २४ इंची राहतात ते खुर्ची-सोफ्याच्या हिशोबानं. तुम्ही बाजेवर किंवा खाली सतरंजीवर बसून ऐकत असाल तर कमी लागन. पण एकदा कापलं की जोडायले वेल्डर, म्हणून आधी विटांवर स्पीकर ठेवून दोन दिवस ऐका.

मंडपाच्या साउंडची तिपाई आहे, वरखाली होत नाही.

त्या ३५ मिलीमीटरच्या नळीत चिखल अन् जुनं ग्रीस अडकून बसते. पूर्ण बाहेर काढा, साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा. तेल लावू नका, लावलं तर क्लँप घसरते अन् बॉक्स कोणाच्या तरी डोक्यावर येते. प्लास्टिकचा क्लँप चिरला असला तर फेविक्विकवर भरोसा ठेवू नका, नवा घ्या.

तुम्ही करून देता का? कसं आणायचं?

देतो, पण पेरणीत अन् कापूस वेचाईत नाही. स्पीकर आणू नका, नुसते स्टँड. अन् रेती घरीच काढून आणजा बाप्पा, मागच्या वेळी एक काका रेतीसकट जोडी बसमधून घेऊन आले, फाट्यावर उतरवायले दोघं लागले, अन् घरी येऊन पहिलं काम काय केलं तर ती रेती माझ्याच अंगणात ओतली.